माझा सात नंबर १५५ जात नाही: एका गोल्फ स्टुडिओतल्या गॅपिंग सेशनचा रिव्ह्यू

आधीच सांगतो, जागेचं नाव लिहिणार नाहीये. खाली तक्रारी आहेत, चालवणारी पोरं नवीन आहेत आणि कुणाचा धंदा बसवायची मला हौस नाही. कोथरूडहून शनिवारी संध्याकाळी पन्नास मिनिटं आणि रविवारी सकाळी साडेसातला अठरा मिनिटं लागतात एवढं सांगितलं की पुणेकरांना अंदाज येईल. दुसरा मजला, लिफ्ट बंद, त्यामुळे अख्खी बॅग खांद्यावर टाकून जिना चढायचा, तोच तुमचा वॉर्म-अप. बूट बाहेर काढायला सांगत नाहीत हे एक बरंय.

जे खेळत नाहीत त्यांच्यासाठी दोन ओळी. गोल्फच्या पिशवीत जास्तीत जास्त १४ क्लब ठेवता येतात, प्रत्येकाच्या तोंडाचा कल वेगळा, त्याला लॉफ्ट म्हणतात, आणि त्या कलाप्रमाणे बॉल कमी-जास्त लांब जातो. बऱ्याच क्लबना नंबर असतात, नंबर लहान तसा कल कमी आणि बॉल लांब, माझा 'सात नंबर' म्हणजे त्यातलाच एक क्लब. समोर १३० यार्ड असतील तर पिशवीतून काय काढायचं हे माहीत असणं म्हणजे अर्धा खेळ. बाकीचा अर्धा म्हणजे ते काढल्यावर बॉलला नीट लागणं, त्याबद्दल मी न बोललेलं बरं. तर गॅपिंग सेशन म्हणजे सगळे क्लब घेऊन जायचं, प्रत्येकाने दहा-दहा बॉल पडद्यावर मारायचे, मशीन मोजतं आणि शेवटी तुम्हाला व्हॉट्सॅपवर पीडीएफ येते की कुठला क्लब किती जातो आणि दोन क्लबमध्ये किती अंतर पडतं. तासाला १५०० रुपये. मी दोनदा गेलो, दुसऱ्यांदा का जावं लागलं ते खाली येतंच.

माझी पार्श्वभूमी सांगणं गरजेचं आहे नाहीतर पुढचं सगळं चिकित्सा वाटेल (तशी ती आहेच). भोसरीत एका कारखान्यात क्वालिटीमध्ये सव्वीस वर्षं काढलीत, आयुष्य मायक्रोमीटर, गो-नो गो गेज आणि ऑडिटरच्या चहात गेलं. गोल्फ शेहेचाळिसाव्या वर्षी चालू केलं, हँडिकॅप २१ (म्हणजे अठरा होलला ठरलेल्या फटक्यांपेक्षा एकवीसेक जास्त लागतात), आणि मला गेली चार वर्षं ठाम माहीत होतं की माझा सात नंबर १५५ यार्ड जातो. कसं माहीत होतं विचाराल तर एकदा गेला होता. मे महिना, जमीन तव्यासारखी, वारा पाठीमागून, बॉल उतारावर पडला आणि पळत सुटला, पण डोक्यात छापलं गेलं ते १५५. म्हणजे एखाद्या रविवारी पहाटे कात्रजहून शनिवारवाड्याला वीस मिनिटांत पोचलो म्हणून जन्मभर "वीस मिनिटं लागतात हो" सांगत फिरायचं, तसलं हे. कारखान्यात कुणी एका पीसवरून असं बोललं असतं तर मीच त्याला झापलं असतं. इथे मात्र सॅम्पल साइज एक, आणि मी खूश.

कुणी म्हणेल रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, जाऊन बघायचं ना, पैसे कशाला घालवायचे. रेंजवरचे बॉल झिजलेले असतात, काही ठिकाणी मुद्दाम कमी जाणारे ठेवतात, आणि तो १५० चा बोर्ड नक्की कुठल्या मॅटपासून १५० आहे हे विचारलंत तर तिथला माणूस तुमच्याकडे असा बघतो की तुम्ही त्याच्याकडे सातबारा मागितलाय. मॅट पुढे-मागे सरकवतात, बोर्ड तिथेच. शिवाय डोळ्याला दिसतं ते बॉल कुठे थांबला, तो पडला कुठे हे दोनशे बॉलच्या गर्दीत कोण बघणार.

आणि पडला कुठे हेच महत्त्वाचं. हवेतून जेवढं गेला ते कॅरी, नंतर घरंगळून जेवढं जाईल ते धरून टोटल. बंकर (वाळूचा खड्डा) किंवा तळं ओलांडलं जाणार का हे कॅरीवर ठरतं. आपल्याकडे तर जास्तच, कारण मे महिन्यात ड्रायव्हरचा (पिशवीतला सगळ्यात लांब मारायचा क्लब) बॉल पडल्यावर पंचवीस-तीस यार्ड सहज पळतो आणि जुलैत तोच बॉल चिखलात रुतून तिथेच बसतो. एकच माणूस, एकच स्विंग, टोटल वेगळी. कॅरी मात्र फार बदलत नाही.

पहिलं सेशन. रविवार सकाळ, एसी जोरात, कॉफी मशीन बंद. मशीन कॅमेरावालं होतं, बॉलच्या बाजूला जमिनीवर ठेवलेला डबा. या धंद्यात ढोबळ दोन जाती आहेत. एक रडारवाली, डेन्मार्कच्या ट्रॅकमॅनने २००३ पासून हे प्रकरण मोठं केलं, ती मागे ठेवतात आणि मोकळ्या मैदानात बॉल पडेपर्यंत त्याचा पाठलाग करतात. दुसरी कॅमेरावाली, ती बॉल सुटला त्या क्षणाचे झपाझप फोटो काढून वेग, कोन आणि फिरकी मोजतात. खोलीत बॉल जेमतेम तीन-चार मीटर उडतो आणि पडद्यावर आपटतो, त्यामुळे जात कुठलीही असो, पुढचे सव्वाशे यार्ड हे गणितच असतं. मोजलेलं नाही, काढलेलं. यात वाईट काही नाही, गणित चांगलं असतं, पण गणितात हवा कुठली धरलीय हे बघावं लागतं. हे लक्षात ठेवा, इथेच घोळ आहे.

मी सात नंबरने सुरुवात केली. पहिलाच बॉल १४७. मशीनकडे बसलेला मुलगा म्हणाला, "सर, मस्त." दुसरा १४४, तिसरा १४९. मग एक जाड लागला, म्हणजे आधी मॅट मग बॉल, १२६. पडद्यावर आकडा आला आणि लगेच गेला. म्हटलं, "अरे, तो कुठे गेला?" "सर, तो डिलीट केला, मिसहिट होता ना." मी म्हटलं मिसहिट होता पण मारला मीच ना. तो हसला. पुढे दहा बॉलमधले दोन त्याने असे उडवले आणि उरलेल्या आठची सरासरी १४६ म्हणून सांगितली. लॉटमधले रिजेक्ट गुपचूप बाजूला काढायचे आणि उरलेल्यांवर झीरो डिफेक्टचा शिक्का मारायचा, असं आमच्याकडे कुणी केलं असतं तर ऑडिटरने सगळ्यांसमोर उभं केलं असतं. पण तेव्हा मला राग आला नाही, कारण १४६ हेच मला १५५ पेक्षा कमी वाटत होतं आणि मी मनातल्या मनात थंड एसी, सकाळची वेळ, न मिळालेली कॉफी असली कारणं गोळा करण्यात गुंग होतो.

मग सवयीने विचारलं की सेटिंग काय आहे. कुठलंही गेज हातात घेतलं की आधी झीरो बघायचा, हे अकरावीच्या प्रॅक्टिकललाच डोक्यात बसवलेलं. तो म्हणाला "स्टँडर्ड आहे सर". म्हटलं दाखव. दोन मेनू उघडले, तिसऱ्यात सापडलं: तापमान २५, वारा शून्य, आणि उंची ५००० फूट.

पाच हजार फूट! अहो महाबळेश्वर पण साडेचार हजाराच्या आतच आहे. पुणे समुद्रसपाटीपासून ५६० मीटर, म्हणजे साडेअठराशे फुटांच्या आसपास. उंचावर हवा विरळ, बॉलला अडथळा कमी, त्यामुळे तो लांब जातो, आणि ढोबळ हिशोब असा की दर हजार फुटाला एक-सव्वा टक्का वाढ. म्हणजे पुण्याला दोनेक टक्के खरंच मिळतात (मुंबईहून खेळायला येणाऱ्या मंडळींना हे सांगू नका, त्यांना स्वतःचं कौतुक वाटू दे), पण या मशीनवर सगळ्यांना जवळजवळ सहा टक्के मिळत होते. सात नंबरला पाच यार्ड, ड्रायव्हरला सात-आठ. गिऱ्हाईक खूश होऊन घरी जातं. त्यांनी मुद्दाम केलं असेल असं मला वाटत नाही, मशीन कुठल्या तरी डेमोहून तसंच आलं असेल किंवा कुणी गेम खेळताना बदललं असेल आणि परत केलंच नसेल. पण आकडे मोजायचे १५०० रुपये घेता तर सकाळी दुकान उघडल्यावर उदबत्ती लावायच्या आधी एकदा ते पान बघा की.

मुलाने लगेच सॉरी म्हटलं आणि मालकाला फोन लावला. मालकाने पुढचं सेशन अर्ध्या पैशात दिलं. याबद्दल पूर्ण मार्क. पुण्यात दुकानदाराने चूक मान्य केली हीच बातमी आहे.

दुसरं सेशन दोन आठवड्यांनी. या वेळी मी तयारीने गेलो. उंची १८५० करून घेतली, ते बदललेलं डोळ्यांनी पाहिलं. डिलीट बंद. स्वतःचे बॉल नेले, कोर्सवर ज्याने खेळतो तेच, कारण त्यांच्याकडचे बॉल वेगळे आणि बॉल बदलला की फिरकी बदलते. आणि क्लबचा क्रम उलटा केला. पहिल्यांदा त्यांनी सगळे क्लब एका तासात सलग मारायला लावले होते, पटर (होलजवळ बॉल ढकलायचा क्लब) सोडून दहा क्लब गुणिले दहा म्हणजे शंभर बॉल, शेवटी ड्रायव्हर हातात आला तेव्हा माझे खांदे गळ्यात आलेले. माझ्या वयाचं कुणी त्यांच्याकडे कामाला नसल्याने त्यांच्या लक्षात येत नसेल. या वेळी दीड तास घेतला, मध्ये दहा मिनिटं बसलो, आणि मधल्या वेळात कॉफी मशीन चालू झालेलं होतं.

सात नंबरचे दहा बॉल, एकही न गाळता, कॅरी यार्डात: १४१, १३८, १४३, १२१, १४०, १४६, १३७, १४२, ९८, १३९. सरळ सरासरी काढली तर १३४.५ येते, त्या ९८ आणि १२१ ने खाली ओढलेली. ते दोन उडवले तर १४०.७५. आणि सगळे चढत्या क्रमाने लावून मधला आकडा घेतला तर १३९.५. मी मधलाच घेतो. कारण दहातले दोन मी फसवणारच आहे, ते माझ्या खेळाचा भाग आहेत, पण त्या दोघांसाठी क्लब निवडण्यात अर्थ नाही, आणि त्या एका १४६ साठी तर अजिबातच नाही. तर माझा सात नंबर १४०. वहीत लिहिला, पेनाने.

ट्रॅकमॅनने टूरच्या खेळाडूंच्या सरासऱ्या काही वर्षांपूर्वी दिल्या होत्या त्यात पीजीए टूरवाल्यांचा (अमेरिकेतले व्यावसायिक पुरुष) सात नंबर कॅरी १७२ होता आणि एलपीजीएच्या (तिथल्या व्यावसायिक बायका) मुलींचा १४१. म्हणजे मी आणि त्या बरोबरीत. असं मी घरी सांगितलं, पण त्यांच्या क्लबचा लॉफ्ट साधारण ३४ डिग्री असतो आणि माझा ३०, हे सांगितलं नाही. आजकालच्या सेटमध्ये कंपन्या लॉफ्ट कमी करून वर सातचा आकडा ठोकतात, त्यामुळे शोरूममध्ये माणसाला वाटतं आपण अचानक लांब मारायला लागलो. आमच्या चौकडीत एक काका आहेत, त्यांच्याकडे चाळीस वर्षांपूर्वीचा सेट आहे, त्यांचा सात नंबर ३६ डिग्री, १२० जातो, आणि आम्ही सगळे त्यांना चिडवतो. अहो त्यांचा सात म्हणजे माझ्या आठ आणि नऊच्या मधला क्लब आहे. चिडवण्यासारखं त्यात काहीच नव्हतं, काठीवरचा आकडा सोडून.

बाकीचे आकडे असे, कॅरी यार्डात (वेज म्हणजे जास्त कलाचे जवळच्या अंतराचे क्लब, हायब्रिड आणि वुड लांबचे). सँड वेज ७२, पिचिंग वेज १०४, नऊ नंबर ११७, आठ १२९, सात १४०, सहा १५०, पाच १५४, चार हायब्रिड १६५, तीन वुड १७८, ड्रायव्हर १९६. (ड्रायव्हर मी लोकांना २३० सांगायचो. राहू दे.)

आता खरी किंमत इथे वसूल झाली, आणि हे मला कितीही वर्षं खेळून कळलं नसतं. ७२ आणि १०४ च्या मध्ये बघा. बत्तीस यार्डांचं भगदाड. माझी पिचिंग वेज ४४ डिग्रीची, सँड वेज ५६ ची, मध्ये बारा डिग्री रिकाम्या, आणि साधारण चार डिग्रीला दहा-बारा यार्ड धरले तर निदान एक क्लब तिथे कमीच. सात नंबरचा लॉफ्ट कमी केला की त्याच्यामागून पिचिंग वेजचाही करावा लागतो, आणि सँड वेज बिचारी ५६ वरच राहते, म्हणून हे भगदाड. मी कायम ८५-९० यार्डांवरून गोंधळ घालतो आणि त्याला नर्व्हस होतो म्हणायचो. नर्व्हस कसला, पिशवीत त्या अंतराची काठीच नव्हती! एकतर पिचिंग वेज हळू मारा, ते मला जमत नाही, नाहीतर सँड वेज जीव खाऊन मारा, मग ती बॉलच्या डोक्यावर बसते.

दुसरीकडे सहा आणि पाच नंबरमध्ये फक्त चार यार्ड. कमी लॉफ्टच्या क्लबचा बॉल हवेत उंच जायला स्विंगचा वेग लागतो, तो माझ्याकडे नाही, त्यामुळे पाच नंबरचा बॉल खालून सुटतो आणि लवकर खाली येतो. हायब्रिडचं वजन खाली आणि मागे असतं म्हणून ती उचलते. म्हणजे मी सात वर्षं पाच नंबर नुसता वाहत होतो. मी कुठला, माझी बॅग उचलणारे कॅडीमामा वाहत होते. पाच नंबर माळ्यावर गेला, त्या जागी ५० डिग्रीची वेज घेतली, ती ८८ जाते.

पीडीएफबद्दल एक तक्रार: ठळक अक्षरात टोटल छापतात आणि कॅरी खाली बारीक. उलटं पाहिजे. आणि पहिली पीडीएफ मीटरमध्ये आली होती, एक यार्ड म्हणजे ०.९१४४ मीटर, त्यामुळे सात नंबर १३३ दिसला आणि मी चपात्या करपल्याचा वास येईपर्यंत फोनकडे बघत बसलो होतो. परत मागितली की यार्डात देतात.

आता कोर्सवर काय झालं ते.

नवीन वही घेऊन पहिल्याच रविवारी गेलो. पहिला पार थ्री, म्हणजे तीन फटक्यांत संपवायचं होल. कॅडीमामांनी पिनकडे, म्हणजे होलमधल्या झेंड्याकडे, बघितलं, डोळे बारीक केले आणि म्हणाले, "एकशे चाळीस, साहेब." म्हटलं व्वा, सात नंबर, वहीतला आकडा. छान लागला, सरळ पिनवर, आणि ग्रीनच्या (होलभोवतीची बारीक गवताची जागा) वरून पलीकडे झाडीत. म्हटलं जोरात लागला असेल. पुढे एकशे सतरा म्हणाले, नऊ नंबर, तोही पलीकडे. तिसऱ्या वेळेला सँड वेज सुद्धा पाच-सहा यार्ड लांब. मी तर तिथेच मनात स्टुडिओचा हा रिव्ह्यू लिहायला घेतला होता, एक स्टार, पैसे पाण्यात, आधी उंची जास्त लावली आणि आता कमी लावून ठेवली, वगैरे. मामा काही बोलले नाहीत, पण त्यांचा चेहरा पडला होता, आणि सारखे माझ्या वहीकडे बघत होते.

पुढच्या आठवड्यात मित्राचा लेझर रेंजफाइंडर मागून घेतला. २०१९ पासून गोल्फच्या नियमांत हा सरसकट चालतो, फक्त चढ-उताराचं गणित करणारा स्लोप मोड मॅचमध्ये बंद ठेवायचा, आणि त्या कोर्सने स्थानिक नियम करून बंदी घातली असेल तर नाही. मामा म्हणाले, "एकशे पासष्ट." मी लेझर लावला. १५१. परत लावला, हात थरथरला असेल म्हणून. १५१. "मामा, हे तर एकशे एक्कावन्न दाखवतंय." मामा बॅग खाली ठेवून गवताकडे बघायला लागले. मग म्हणाले, "मशीन बराबर आहे साहेब."

काय ते पुढच्या दोन होलमध्ये बाहेर आलं. पहिलं वर्षभर मामा मला खरं अंतर सांगायचे. एकशे चाळीस सांगितलं की मी आठ नंबर मागायचो, बॉल अलीकडच्या बंकरमध्ये, मग मी तोंड पाडून चालणार आणि अठराव्या होलपर्यंत कुणाशी बोलणार नाही. सात घ्या म्हटलं की मला राग यायचा. "तुम्हीच म्हणायचात, मामा, माझा सात एकशे पंचावन्न जातो. आता मी काय बोलणार? मग मी चाळीसला पंचावन्न सांगायला लागलो. बॉल ग्रीनवर, तुम्ही खूश." कार्डावर अंतर छापलेलं असायचं तेव्हा काय करायचात विचारलं, तर म्हणाले पिन मागे आहे, चढ आहे, वारा समोरून आहे, काही ना काही असतंच की. आणि सरसकट पंधरा नाही घालायचो, जवळ आलो की कमी, सत्तरला सत्त्याहत्तर.

मी हिशोब केला. १४० चे १५५, १५१ चे १६५, ७० चे ७७. दहा टक्के. माणसाने माझ्या डोक्यातल्या खोट्या आकड्याचा करेक्शन फॅक्टर काढला होता, नुसता झीरो एरर नाही तर स्केल एरर, म्हणजे अंतराबरोबर वाढत जाणारी चूक धरून, आणि तो तीन वर्षं मला न सांगता दर शॉटला लावत होता. माझी चूक आणि त्यांची चूक एकमेकांना कापत होत्या, म्हणून सगळं ठीक चाललं होतं. मी स्टुडिओत जाऊन माझी चूक काढून आलो आणि त्यांची तशीच राहिली, म्हणून बॉल झाडीत. एकच गेज दुरुस्त केलं की असंच होतं, जोडीतलं दुसरं पण तपासावं लागतं, हे मी स्वतः ट्रेनींना शिकवतो.

तर स्टुडिओचे आकडे बरोबर होते. लेझर घेऊन गेले सहा रविवार पडताळतोय, ग्रीनवर बॉल पडल्याची खूण शोधायची आणि तिथून मागे लेझर लावायचा, सात नंबर १३६ ते १४३ च्या मध्ये पडतो. फरक पडतो तो मॅटमुळे. मॅटवर जाड लागला तरी क्लब घसरून बॉलला जातोच, गवतावर तोच शॉट मातीत रुततो. म्हणजे माझा तो १२१ कोर्सवर बहुधा नव्वदच्या घरात गेला असता. हे पडद्यासमोर कधीच कळणार नाही, कुठल्याही स्टुडिओत, त्यामुळे त्यांना दोष देत नाही, पण सांगायला हवं होतं. दुसरं, स्टुडिओतल्या आकड्यात आपली हवा नाही. जून-जुलैत पश्चिमेचा वारा समोरून आला तर एक क्लब, कधी दोन जास्त. डिसेंबरात सकाळी सातला दहा-बारा अंशांत बॉल थंड आणि हवा जड, तिथे तीन-चार यार्ड गेले समजा. आणि पावसाळी दमट हवेत बॉल कमी जातो असं सगळे म्हणतात ते बरोबर नाही, दमट हवा कोरड्या हवेपेक्षा किंचित हलकीच असते, कमी जातो तो ओल्या जमिनीमुळे, पळत नाही म्हणून. बावधनच्या वर ऑक्सफर्डसारख्या डोंगरातल्या कोर्सवर चढ-उताराचा हिशोब आणखी वेगळा, येरवड्याच्या पूना क्लबच्या कोर्सवर तेवढा प्रश्न येत नाही.

पैसे घालवायचे नसतील तर एक गरिबाचा उपाय आहे. लेझर उसना घ्या, मागे कुणी नसेल अशी संध्याकाळ बघा, एका क्लबने तीन-चार बॉल मारा आणि पडल्याच्या खुणा मोजा, दर आठवड्याला एक क्लब. तीन महिने लागतील आणि कोर्सवर देखरेख करणारा मार्शल दोनदा ओरडेल, पण आकडे खऱ्या गवतावरचे असतील. मला तेवढा धीर नव्हता.

मार्क: मशीनला साडेचार, पोरांच्या वागण्याला चार, त्या उंचीच्या भानगडीसाठी एक कापला, जिन्यासाठी अर्धा. एकूण साडेतीन, आणि तिसऱ्यांदा जाईन, पुढच्या वर्षी, कारण वय वाढतंय आणि आकडे खाली येणारच. जाणार असाल तर सकाळची पहिली वेळ घ्या, स्वतःचे बॉल न्या, सेटिंगचं पान उघडून उंची १८५० च्या आसपास आहे ना ते स्वतः बघा, डिलीट करू नको म्हणून आधीच सांगा, आणि एका दिवसात सगळे क्लब मारू नका. पार्किंग समोर नाही, गल्लीत आत लावावी लागते.

मामांना मी सांगितलंय की आता खरं अंतर सांगा. ते हो म्हणालेत. लेझर मी अजून परत केलेला नाही.

सोमवारी स्टुडिओ बंद असतो. गूगलवर चालू दाखवतं, मी जाऊन आलोय.